कॉफीचं पाणी: चव कुठे बिघडते आणि कडकपणा कुठून येतो

माटुंग्याहून ताजी दळून आणलेली पावडर मुंबईच्या घरात सुरेख लागते. तीच पुडी लातूर-बीडकडे बोअरवर चालणाऱ्या घरात नेली की कॉफी मिळमिळीत होते. दूध चांगलं, फिल्टर तोच, करणारा हातही तोच. मग एक चमचा पावडर वाढते. कॉफी गडद होते, कडू होते, पण ती चव काही येत नाही. पुढच्या महिन्यात पुडी बदलते आणि नव्या पुडीचीही तीच गत होते. सगळं बदलून बघितलं जातं, एक पाणी सोडून.

काळ्या फिल्टर कॉफीच्या कपात वजनाने ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. एस्प्रेसोसारख्या दाट कॉफीतही सुमारे ९० टक्के. म्हणजे किलोला हजार-दीड हजार रुपये मोजून आणलेली पावडर त्या कपात दीड-दोन टक्क्यांची भागीदार. उरलेल्या भागाकडे थोडं लक्ष द्यायला हरकत नसावी.

पुढचं सगळं घरच्या कॉफीसाठी आहे: स्टीलचा फिल्टर, फ्रेंच प्रेस (दांडीने खाली दाबायची जाळी असलेलं भांडं), पोअर ओव्हर (गाळणीतल्या पावडरीवर वरून पाणी ओतायची पद्धत). लागणारं सामान म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि जमलं तर एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा (टीडीएस) अंदाज देणारं छोटं यंत्र.

आधी कडक आणि कडू वेगळं करा

बहुतेक घरांत इथेच घोळ होतो. कॉफीचा कडकपणा म्हणजे कपातल्या पाण्यात किती कॉफी विरघळली आहे ते. आणि चव ठरते ती पावडरीतून काय काय आणि किती उतरलं यावर. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. कॉफी कडक असूनही कच्ची लागू शकते आणि पातळ असूनही कडू लागू शकते. उडप्याकडच्या छोट्या ग्लासातली कॉफी कडक असते पण घशात कडवट रेंगाळत नाही, आणि एखाद्या लग्नातल्या मोठ्या पिंपातली कॉफी पाणचटही असते आणि कडूही, ती यामुळेच.

भाजलेल्या कॉफीतला साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. तो सगळा काढायचा नसतो. सुरुवातीला उतरतात आंबूस, फळांसारख्या चवी. मग गोडवा. शेवटी उतरतं ते कडवट, तुरट, लाकूड चावल्यासारखं. १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने यावर काम करून एक तक्ता मांडला, तो अजून वापरात आहे. त्याचं सार असं की पावडरीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग उतरला आणि कपात त्याचं प्रमाण १.१५ ते १.३५ टक्के राहिलं, तर काळी कॉफी बहुतेकांना आवडते. ही आवड तिथल्या लोकांची, हेही लक्षात असू द्या. आपल्याकडच्या दुधाच्या कॉफीला डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला काळा अर्क, याच्या कितीतरी पट दाट लागतं.

हिशोब करून बघू. १५ ग्रॅम पावडर, २५० ग्रॅम पाणी. पावडर आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणजे ३० ग्रॅम गेलं. हातात कॉफी आली २२० ग्रॅम. पावडरीतून २० टक्के उतरलं तर ३ ग्रॅम. कपातलं प्रमाण सुमारे १.३५ टक्के. आता तेवढ्याच पाण्यात पावडर २२ ग्रॅम केली तर कॉफी कडक होईल, पण प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला पाणी कमी येईल, म्हणून प्रत्येक ग्रॅममधून उतरेलही कमी. चवीला ती कडक पण आंबट, अर्धवट अशी होते. चव नाही म्हणून पावडर वाढवण्याचा उपाय बऱ्याचदा उलटतो तो असा.

कडकपणा हा प्रमाणाचा प्रश्न. चव हा प्रमाण सुधारूनही उरणारा प्रश्न, आणि पाणी तिथे येतं.

पाण्यात असतं तरी काय

पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, खडकातून झिरपतं आणि जाता जाता क्षार घेऊन जातं. कॉफीच्या दृष्टीने त्यातले दोन गट महत्त्वाचे.

पहिला गट कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. पाण्याचा जडपणा, लॅबच्या रिपोर्टवरचा हार्डनेस, तो यांचाच. हे क्षार पावडरीतल्या चवीच्या घटकांना धरतात आणि बाहेर यायला मदत करतात. इंग्लंडमधल्या बाथ शहरात ख्रिस्तोफर हेन्डन हा संगणकावर रसायनशास्त्र करणारा संशोधक आणि मॅक्सवेल कोलोना-डॅशवूड हा कॉफीवाला, या दोघांनी सहकाऱ्यासोबत २०१४ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. त्यांच्या हिशोबात मॅग्नेशियमची पकड कॅल्शियमपेक्षा जास्त निघाली आणि सोडियमची फारच कमी. हे क्षार अजिबात नसले तर कॉफी पोकळ लागते.

दुसरा गट बायकार्बोनेटचा. रिपोर्टवर हा अल्कलिनिटी म्हणून येतो. हा कॉफीतली आम्लं मारतो. थोडा हवा, नाहीतर कॉफी टोचते. जास्त झाला की आंबूसपणाबरोबर सगळा तजेलाच जातो आणि मागे उरते खडूसारखी सपक, मातकट चव. बोअरच्या पाण्याची कॉफी बिघडते ती बहुधा जडपणापेक्षा या अल्कलिनिटीने. पाणी जड आहे म्हणून ओरड होते, पण खरा गुन्हेगार शेजारी उभा असतो.

तिसरी गोष्ट क्लोरीन. तो चव उतरवायला मदत वगैरे काही करत नाही, फक्त वास देतो. पिण्याच्या पाण्यात तो असलाच पाहिजे, कॉफीत नसला पाहिजे.

आकडे हवे असतील तर हे घ्या. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या कॉफी व्यवसायातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीत टीडीएस लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास धरलेला आहे, ७५ ते २५० पर्यंत चालतो. जडपणा ५० ते १७५, अल्कलिनिटी ४० ते ७०, पीएच ७ च्या जवळ, क्लोरीन शून्य. आता आपलं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, काय म्हणतं बघा: टीडीएस ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या. जडपणा २०० पर्यंत, नाइलाजाने ६०० पर्यंत. अल्कलिनिटीचंही तसंच, २०० आणि ६००. म्हणजे पाणी पिण्याच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होऊनही कॉफीत सपशेल नापास होऊ शकतं. तब्येतीला त्याने काही होत नाही, कपाला होतं.

पायरी १: तुमच्या घरी कुठलं पाणी येतं

मीटर नसला तरी घर सांगतं. तूरडाळ तीन शिट्ट्यांऐवजी सहा घेते आणि तरी कणकण लागते, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरे डाग बसतात, पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी खरखरीत पापुद्रा चढतो: पाणी जड आहे. आणखी एक खूण. कोरा चहा कपात थोडा वेळ तसाच ठेवा. वर चकचकीत, बोट लावलं की फाटणारा तवंग धरला तर जडपणा आणि अल्कलिनिटी दोन्ही चांगलीच आहेत.

मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा धरण-तलावांतून येतं, पुण्याचं खडकवासल्याच्या साखळीतून. हे पावसाचं साठवलेलं पाणी, मऊ. विहीर आणि बोअरचं पाणी खडकात मुरलेलं, जड. टँकरचं काही सांगता येत नाही, आज एका विहिरीचं आणि उद्या दुसऱ्या. तुमची कॉफी काही दिवस बरी आणि काही दिवस वाईट होत असेल तर आधी टँकरच्या फेऱ्यांशी ताडून बघा.

टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा ओळखून असा. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कॅल्शियमचे की मिठाचे, हे त्याला कळत नाही. नेमकं हवं असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात जीएच आणि केएच मोजायचे थेंबाचे किट मिळतात. नळीत पाणी घ्यायचं, रंग बदलेपर्यंत थेंब टाकायचे आणि मोजायचे. बहुतेक किटांत एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. जीएच म्हणजे जडपणा, केएच म्हणजे अल्कलिनिटी. माशांसाठी बनवलेलं हे किट कॉफीवाल्याला टीडीएस मीटरहून जास्त सांगून जातं. सोसायटीने बोअरची लॅबतपासणी केली असेल तर सेक्रेटरींकडे रिपोर्ट मागा. त्यात हे दोन्ही आकडे असतात.

जाता जाता: दारावर येऊन दोन सळ्यांचं यंत्र ग्लासात बुडवणाऱ्या विक्रेत्यांवर जाऊ नका. नळाच्या पाण्याचा ग्लास गढूळ तपकिरी होतो आणि आरओचा स्वच्छ राहतो, ते खरं, पण तो तपकिरी गाळ मुख्यतः त्या लोखंडी सळीचाच असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून सळी झिजते. आरओच्या पाण्यातून फारशी वाहतच नाही. चिमूटभर मीठ आरओच्या ग्लासात टाका आणि परत बुडवायला सांगा.

पायरी २: तीन कप शेजारी शेजारी

वाचून पटत नाही, जिभेला पटलं पाहिजे. चिकोरी नसलेली पावडर घ्या. चिकोरीचा कडवटपणा आणि रंग पाण्याचे गुणदोष झाकतो. तीन सारखे कप, प्रत्येकात ८ ग्रॅम जाडसर दळलेली पावडर. एका कपात आरओचं पाणी, दुसऱ्यात नळाचं किंवा बोअरचं, तिसऱ्यात दोन्हींचं निम्मं-निम्मं. प्रत्येकी १५० मिली, उकळी येऊन गॅस बंद केल्या केल्या ओतायचं. चार मिनिटांनी वर तरंगणाऱ्या पावडरीची साय चमच्याने मोडायची. मोडताना नाक कपाजवळ ठेवा, तिथेच पहिला फरक कळतो. फेस काढून टाका, गाळ तळाशी बसू द्या आणि कॉफी कोमट झाली की चमच्या-चमच्याने चाखा. दूध-साखर नको.

आरओचा कप पहिल्या घोटाला तरतरीत वाटतो. जिभेच्या कडांना आंबटपणा टोचतो आणि मग काहीच येत नाही, मधला भाग रिकामा. बोअरच्या कपाचा वास ठीकठाक असतो, पण तोंडात घेतला की टाळ्याला कोरडं, पिठूळ लागतं आणि तीच चव शेवटपर्यंत एकसुरी राहते. मिश्रणाच्या कपात बहुधा गोडवा सापडतो. गार होत जाईल तसा फरक वाढत जातो, म्हणून घाईने संपवू नका. तुमच्या नळाला धरणाचं मऊ पाणी असेल तर मात्र मधल्या कपानेच बाजी मारली असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर क्लोरीनचा तेवढा बंदोबस्त करा आणि थेट पायरी ४ वर जा.

पायरी ३: पाणी दुरुस्त करायचं

धरणाचं नळपाणी असेल तर क्लोरीन घालवायचा, बस. रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवलं किंवा दोन-तीन मिनिटं खळखळून उकळलं तरी बराचसा जातो. कार्बनचा साधा फिल्टर असेल तर उत्तमच. पावसाळ्यात नळाला वास जास्त येतो तेव्हा हे विसरू नका. धरणाचं पाणी येणाऱ्या घरात आरओ बसवलेला दिसला की मला हळहळ वाटते. मुळात मऊ असलेल्या पाण्यातून उरलेसुरले क्षारही काढायचे आणि वर बादलीभर पाणी मोरीत सोडायचं. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं, ते उगीच नाही.

आरओचंच पाणी असेल तर त्यात क्षार परत आणायचे. सोपा मार्ग मिसळण्याचा. समजा आरओचं पाणी ३० टीडीएसचं आहे आणि बोअरचं ४०० चं. तीन वाट्या आरओ आणि एक वाटी बोअर: तीन गुणिले तीस नव्वद, अधिक चारशे, भागिले चार. सव्वाशेच्या आत. कॉफीला छान. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये टीडीएस कमी-जास्त करायचा एक स्क्रू असतो, सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाला १०० ते १५० वर ठेवायला सांगा. पण एक अट. मिसळायचं पाणी पिण्यालायक आहे याची खात्री हवी. उकळून जंतू मरतात, नायट्रेट आणि फ्लोराईड जात नाहीत. चंद्रपूर, यवतमाळच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड जास्त आहे, तिथे बोअरचं पाणी चवीसाठी म्हणूनही मिसळू नये.

ज्यांना ही भानगड नको, त्यांनी क्षार स्वतः घालावेत. ऐकायला प्रयोगशाळा वाटते, पण पंचामृताहून सोपं आहे. दोन बाटल्या घ्या. पहिल्या बाटलीत अर्धा लिटर आरओच्या पाण्यात १२.३ ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवा. औषधाच्या दुकानातलं, पोटात घ्यायच्या दर्जाचंच हवं, झाडांना घालायचं किंवा पाय शेकायचं सुगंधी नको. दुसऱ्या बाटलीत अर्धा लिटर पाण्यात ८.४ ग्रॅम खायचा सोडा. आता या बाटल्यांतलं १ मिली जर १ लिटर आरओच्या पाण्यात घातलं, तर पहिलीने जडपणा १० ने वाढतो आणि दुसरीने अल्कलिनिटी १० ने. म्हणून लिटरभर कॉफीच्या पाण्याला पहिलीतलं ७ मिली आणि दुसरीतलं ४ मिली. औषधाची सुईविना सिरिंज असली की झालं. काटा दशांश दाखवत नसेल तर १२ आणि ८ ग्रॅम धरा, कपात फरक कळणार नाही. यातलं मॅग्नेशियम लिटरला १७ मिलिग्रॅमच्या आसपास येतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकातली मर्यादा ३० आहे. तरी ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे किंवा मीठ-सोडा मोजून घ्यावा लागतो त्यांनी हा उद्योग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा, दर पंधरवड्याला ताज्या करा.

याची गंमत पुढे आहे. दुसऱ्या बाटलीचे मिली कमी केले की त्याच पावडरीची कॉफी आंबूस, चमकदार होते आणि वाढवले की शांत. हलक्या भाजणीच्या कॉफीला ३ मिली, गडद भाजणीला ५ असं करून बघा.

बोअरचं पाणी आहे आणि आरओ नाही, अशा घरांसाठी उकळणं हाच उपाय, पण पद्धतशीर. पाणी पाच मिनिटं उकळा, गार होऊ द्या. पांढरे कण तळाशी बसतात, ते चुन्याचे. बायकार्बोनेट आणि कॅल्शियम जोडीने बाहेर पडलेले असतात, म्हणजे जडपणा आणि अल्कलिनिटी दोन्ही उतरलेली असते. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या आणि त्याची कॉफी करा. मचूळ किंवा खारट लागणाऱ्या पाण्याला मात्र याचा उपयोग नाही. त्यातलं मीठ उकळून आणखी दाट होतं.

सोसायटीच्या सॉफ्टनरचं पाणी कॉफीला घेऊ नका. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. केसांना आणि वॉशिंग मशीनला चांगलं, पण कॉफीची चव उतरवणारे क्षार गेले आणि चव मारणारी अल्कलिनिटी जशीच्या तशी. वर डिकॉक्शनही रेंगाळत उतरतं.

पायरी ४: प्रमाण, म्हणजे कडकपणा

पाणी जागेवर आलं की मगच प्रमाणाला हात लावा, आणि चमच्याने नाही, काट्यावर. बारीक पावडरीचा चमचा आणि जाड पावडरीचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो.

पोअर ओव्हर किंवा फ्रेंच प्रेससाठी लिटरला ६० ग्रॅम हे सुरुवातीचं माप. २५० मिलीला १५ ग्रॅम. कडक हवी तर १७, त्यापुढे जाण्याआधी दळण जरा बारीक करून बघा.

स्टीलच्या फिल्टरचं गणित वेगळं, कारण आपल्याला दुधात जिरूनही उरेल असं डिकॉक्शन हवं असतं. ३० ग्रॅम पावडर आणि १८० मिली पाणी. फिल्टर आधी गरम पाण्याने विसळून घ्या, पातळ स्टील थंड असेल तर पाण्याची निम्मी धग तिथेच जाते. पावडर वरच्या भांड्यात घालून हलकेच सपाट करा. दांडीची चकती नुसती टेकवायची, दाबायची नाही. आधी ४० मिली पाणी गोल फिरवत घाला आणि मिनिटभर थांबा. पावडर फुगून वर येते, तिच्यातला वायू फुटतो आणि वास स्वयंपाकघरभर होतो. मग उरलेलं पाणी, झाकण, आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. खाली १०० ते १२० मिली उतरेल. एक भाग डिकॉक्शनला दोन ते तीन भाग दूध. त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी घालून डिकॉक्शन उतरवायची पद्धत आहे, पण त्या दुसऱ्या पाण्यात शेवटचा कडवट भागच येतो. वाया जाऊ नये म्हणून करतात, चवीसाठी नव्हे.

चिकोरीबद्दल. पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळते, म्हणून डिकॉक्शन दाट आणि काळंभोर दिसतं. त्यात तरतरी आणणारं कॅफीन नसतं. रंगावरून कडकपणा ठरवू नका.

दुधाच्या कॉफीत पाण्याचे बारकावे बरेच झाकले जातात. दूध स्वतःच आम्ल शोषून घेतं आणि त्याची साय-साखर वरचढ होते. जायफळ किसून घातलेली, दुधातच उकळलेली आपली घरगुती कॉफी करणार असाल तर हा पाण्याचा सगळा उपद्व्याप करायची गरज नाही, त्यापेक्षा जायफळ ताजं ठेवा. इन्स्टंटचंही तसंच. तिच्यातली चव कारखान्यात आधीच उतरवलेली असते, घरचं पाणी फक्त ती पातळ करतं. क्लोरीनचा वास आणि बोअरचा मचूळपणा तेवढा तिथेही जाणवतो.

पायरी ५: पाणी किती गरम

९० ते ९६ अंश ही नेहमीची शिफारस. गरम पाणी जास्त उतरवतं, कोमट कमी. हलक्या भाजणीला उकळतंच घाला. गडद भाजणी आणि चिकोरीच्या पावडरीला गॅस बंद करून, झाकण काढून मिनिटभर थांबा.

उंचीचाही फरक पडतो. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. मुंबईत १००, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६. महाराष्ट्रात जिथे कॉफी पिकते त्या चिखलदऱ्याची उंची अकराशे मीटरच्या आसपास, तिथे पाणी ९६ वरच उकळतं. अशा ठिकाणी थांबायचं नाही, उकळी फुटली की थेट ओतायचं.

कोल्ड ब्रूमध्ये, म्हणजे थंड पाण्यात पावडर तासन् तास भिजवून केलेल्या कॉफीत, पाणी तापतच नाही, म्हणून क्लोरीन उडून जायची संधीही नसते. गाळलेलं किंवा उकळून गार केलेलंच पाणी घ्या. आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर ठेवू नका, फ्रीजमध्ये १६-१८ तास ठेवा. बर्फही त्याच पाण्याचा करा. बोअरच्या पाण्याचा बर्फ वितळत जातो तशी शेवटच्या घोटांची चव बिघडते.

चव बघून काय करायचं

आंबट आणि पातळ लागली: दळण बारीक करा, पाणी जास्त गरम घ्या. तरी आंबट आणि मधे पोकळ: पाण्यात क्षार नाहीत, आरओत मिसळा.

सपक, खडूसारखी, पण कडू नाही: अल्कलिनिटी जास्त. पावडर वाढवू नका, पाणी उकळून निवळा किंवा आरओ मिसळा.

कडू आणि जीभ कोरडी करणारी: जास्त उतरलं. दळण जाड करा, वेळ कमी करा, गडद भाजणी असेल तर पाणी थोडं निववा. पाण्याच्या क्षारांचा इथे दोष क्वचित.

चव नीट आहे पण जोर नाही: आता खुशाल पावडर वाढवा, किंवा पाणी कमी करा. हा एकच आजार असा आहे ज्यावर जास्त पावडर हे औषध आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणी, दळण आणि प्रमाण तिन्ही एकाच सकाळी बदललं तर कॉफी सुधारेल कदाचित, पण कशामुळे ते कळणार नाही.

किटली, मशीन आणि परदेशातली घरं

इलेक्ट्रिक किटलीच्या तळाशी पांढरा थर चढला की पाणी तापायला वेळ लागतो आणि पापुद्रे कपात येतात. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घालून उकळा आणि अर्धा तास ठेवा. थर फसफसत सुटतो. दोनदा साधं पाणी उकळून टाकून द्या. ॲल्युमिनियमच्या मोका पॉटला (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं) हे करू नका, त्याला आम्ल सोसत नाही. एस्प्रेसो मशीन असेल तर जड पाणी कधीच नको, आतल्या नळ्या बुजल्यावरचा खर्च मोठा असतो. पण निव्वळ आरओही नको. काही मशीनमधला पाण्याची पातळी ओळखणारा काटा क्षारांतून वाहणाऱ्या विजेवर चालतो. क्षारच नसतील तर टाकी भरलेली असूनही त्याला रिकामी वाटते.

लंडनला गेलेल्या मुलाकडे पुडी आणि फिल्टर पाठवणाऱ्यांसाठी: तिथलं नळाचं पाणी चुनखडीच्या प्रदेशातलं, बऱ्यापैकी जड आहे. गाळणी लावलेला पाण्याचा जग तिथे सुपरमार्केटात मिळतो, त्यातलं बदलता येणारं कार्ट्रिज जडपणा आणि अल्कलिनिटी दोन्ही कमी करतं. कार्ट्रिज वेळेवर बदलायला सांगा, ते संपलं तरी पाणी दिसायला स्वच्छच दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोत उलट, तिथे ‘हेच हेची’ नावाच्या जलाशयाचं पाणी अतिशय मऊ आहे, मुंबईच्या पाण्याला सरावलेल्या माणसाला तिथे पुडीचं प्रमाण फारसं बदलावं लागणार नाही.